पडे झडे, माल वाढे

मूल धपकन पडले की आई हातातले काम टाकून धावते. आणि ओसरीवर बसलेली आजी जागची न हलता म्हणते, 'पडे झडे, माल वाढे!' पडल्याझडल्यावाचून मूल वाढावयाचे नाही, असा या म्हणीचा भावार्थ. आपल्याकडच्या कितीतरी पिढ्यांचे रडे या चार शब्दांनी थांबविले असेल. परंतु ही म्हण म्हणजे नुसते सांत्वन, की तिच्यात काही शास्त्रही आहे, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस सतावीत होता. उत्तराच्या शोधात मी जुनीनवी वैद्यकाची पुस्तके चाळू लागलो आणि पाहता पाहता एका निराळ्याच इतिहासात जाऊन पडलो. राजांच्या लढाया आणि तह लिहून ठेवणारे बखरकार झाडावरून पडलेल्या पोराची नोंद कशाला ठेवतील? तरीही तो इतिहास कोठे ना कोठे लिहिला गेला आहे. कोठे थडग्याच्या भिंतीवर, कोठे संहितेच्या एखाद्या अध्यायात, तर कोठे एका सम्राटाच्या चरित्रात. त्याचीच थोडी हकीगत येथे सांगावयाची आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. लहान मूल हात धरून रडू लागले की आपण सहज म्हणतो, 'खांदा निखळला वाटते!' वास्तविक लहान मुलाचा खांदा सहसा निखळत नाही. खांद्याचा सांधा मोठा चमत्कारिक आहे. हात चहूकडे फिरता यावा म्हणून निसर्गाने त्याची खोबण अगदी उथळ ठेवली आहे. बशीत लिंबू ठेवावे तसा दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यात टेकलेला असतो. त्याला जागेवर धरून ठेवतात ते भोवतालचे स्नायू आणि बंध. मोठा माणूस हातावर पडला की हे बंध हार खातात आणि गोळा खोबणीतून निसटतो. मुलाची गोष्ट निराळी. त्याच्या लांब हाडांच्या टोकाशी कोवळ्या कूर्चेची एक पातळ चकती असते. हाड लांबीने वाढते ते या चकतीपाशी. वाढत्या वयाचा सारा कारखाना तेथे चाललेला असतो. ही चकती बंधांपेक्षाही नाजूक असते. म्हणून ज्या धक्क्याने बापाचा खांदा निखळेल, त्याच धक्क्याने मुलाच्या खांद्याजवळची चकती सरकते, किंवा तिच्या खालचे हाड मोडते, नाही तर हासळी म्हणजे गळ्याखालचे आडवे हाड मोडते. खरोखरीचा निखळलेला खांदा दिसू लागतो तो मिसरूड फुटण्याच्या वयाला. आणि त्या वयात एकदा निखळलेला खांदा पुन्हा पुन्हा निखळण्याची खोड धरून बसतो.

मुलाच्या हाडाचा दुसरा विशेष त्याच्या लवचिकपणात आहे. वाळकी काटकी वाकवली तर कट्‌कन दोन तुकडे होतात. ओली डहाळी एका अंगाने चिरते आणि दुसऱ्या अंगाने नुसती वाकते. मुलाचे हाड ओल्या डहाळीसारखे आहे. तिसरा विशेष तर फारच गोड आहे. थोडे वाकडे जुळलेले हाड वाढता वाढता आपले आपण सरळ होऊ पाहते. दंडाच्या हाडाची सुमारे ८० टक्के वाढ खांद्याकडच्या टोकाला होते. म्हणून तेथली मोड जराशी वाकडी सांधली तरी चार-दोन वर्षांत मागमूस राहत नाही. आजीच्या म्हणीत शास्त्र आहे ते इतके. परंतु त्या शास्त्राला एक अट आहे, आणि ती अट समजावयास माणसाला काही हजार वर्षे लागली. ती मुलाने पाळावयाची नसून मोठ्यांनी पाळावयाची आहे.

*

प्राचीन इजिप्त देशातली, एडविन स्मिथ या नावाने ओळखली जाणारी पपायरसाची एक गुंडाळी आहे. स्मिथ हा अमेरिकन गृहस्थ. त्याने ती १८६२ साली लक्झर येथे विकत घेतली म्हणून तिला त्याचे नाव पडले. मूळ गुंडाळी ख्रिस्तपूर्व १६०० च्या सुमारास उतरून काढलेली, आणि तिच्यातला मजकूर त्याहूनही जुना. तिच्यात जखमांची आणि हाडे मोडल्याची ४८ प्रकरणे आहेत. डोक्यापासून आरंभ करून लेखक खाली उतरत येतो. हासळी मोडलेल्या माणसाला कसे वागवावे, तेही त्यात आहे. त्याला उताणे निजवावे, दोन्ही खवाट्यांच्या मध्ये काही घडी करून ठेवावी, खांदे मागे पसरवून हासळी ताणावी, म्हणजे मोडलेली टोके जागेवर येतील. मग कापडाच्या पट्ट्यांनी बांधावे. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा हा उपाय वाचताना मला तरी लेखकाचा हात फार सावध वाटला. प्रत्येक प्रकरणात 'हे मी बरे करीन', 'याच्याशी झगडून पाहीन' किंवा 'याला उपाय नाही' अशा तीन निवाड्यांपैकी एक तो देतो. आपल्या हातून काय होणार नाही हे त्याला ठाऊक होते.

त्याच देशात, दुसरा रामसेस राजा राज्य करीत होता त्या काळी, इपुई नावाच्या एका कारागिराचे थडगे रंगविले गेले. त्याच्या भिंतीवर कामगारांच्या कामाचा देखावा आहे, आणि काम म्हटले की अपघात आलेच. एकाच्या डोळ्यात गेलेले काही दुसरा काढतो आहे. आणि एका ठिकाणी जमिनीवर पडलेल्या माणसाचा हात कोपरात वाकवून दुसरा त्याचा खांदा बसवीत आहे असे दिसते. पुढे १८७० साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरच्या थिओडोर कोखर या शल्यवैद्याने खांदा बसविण्याची जी पद्धत प्रसिद्ध केली, तिच्याशी हे चित्र फार जुळते, असे जाणकारांनी दाखविले आहे. कोखरला १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते मात्र गळ्यातल्या अवटू ग्रंथीवरच्या कामाबद्दल.

ग्रीसमधल्या हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेला सांध्यांविषयीचा ग्रंथ खांद्यापासूनच सुरू होतो. बगलेत टाच रोवून हात ओढणे, शिडीच्या पायरीवर किंवा दाराच्या फळीवर रोग्याची बगल टेकवणे, असे कितीतरी प्रकार त्यात आहेत. एका प्रकारात उंच माणूस रोग्याची बगल आपल्या खांद्यावर घेऊन त्याला अधांतरी लोंबकळवतो. आणि रोगी वजनाने हलका असेल तर त्याच्या मागे एखादे हलके पोर लटकवावे, अशी सूचनाही आहे! आखाड्यात वारंवार खांदा निखळून जे मल्ल खेळाला मुकत, त्यांच्या बगलेत डाग देण्याची क्रियाही तो सांगतो.

परंतु मला त्या ग्रंथातला सर्वांत हृद्य भाग वाटला तो मुलांविषयीचा. वाढत्या वयात खांदा निखळला आणि बसवला गेला नाही, तर तो दंड दुसऱ्याच्या बरोबरीने वाढत नाही, आखूड राहतो, असे हिपॉक्रेटिस सांगतो. जन्मापासूनच ज्यांचा दंड आखूड आहे अशांना ग्रीक लोक मुंगसासारख्या दिसणाऱ्या एका छोट्या प्राण्याच्या नावावरून हाक मारीत. पोटात असतानाच सांधा निखळल्याने, किंवा पुढे खांद्याजवळ खोल पू झाल्याने असे होते, हे त्याचे अनुमान. मोठ्यांची इजा जेथल्या तेथे राहते, मुलाची इजा त्याच्याबरोबर वाढते, ही गोष्ट तेव्हाच कोणाच्या तरी नजरेला आली होती.

आता आपल्या सुश्रुताकडे वळू. सुश्रुतसंहितेत हाडांच्या इजांचे दोन वर्ग आहेत. सांधा सुटला तर ते संधिमुक्त, त्याचे सहा प्रकार. हाड मोडले तर ते कांडभग्न, त्याचे बारा. त्या बारांत 'वक्र' नावाचा एक प्रकार आहे. हाड तुटून वेगळे न होता वाकले, की तो वक्र. ओल्या डहाळीची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. खांदा सुटला असेल तर बगलेत मुसळ घालून ती वर उचलावी, आणि सांधा जागेवर आला की स्वस्तिकाच्या आकाराचा बंध बांधावा, असे तो सांगतो. गंमत पाहा. मऊ कापड गुंडाळलेले मुसळ बगलेत घालण्याची युक्ती हिपॉक्रेटिसच्या ग्रंथातही आहे! कोणी कोणाचे घेतले, हा वाद पंडितांनी घालावा. मला वाटते, मुसळ दोन्हीकडच्या घरात होते आणि खांदे दोन्हीकडचे निखळत होते, एवढे कारण पुरेसे आहे.

सुश्रुताने हाडे जुळण्याची मुदतही दिली आहे. पहिल्या वयात एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट, उतारवयात तिप्पट. आजच्या शल्यवैद्यालाही हे गणित फारसे बदलावे लागणार नाही. पण त्याचबरोबर कष्टाने बऱ्या होणाऱ्या भग्नांच्या यादीत त्याने कृशाला, वृद्धाला आणि बालकाला एकत्र बसविले आहे, आणि सांध्यापर्यंत पोचलेली मोडही त्याच यादीत घातली आहे. मूल लवकर बरे होते म्हणणाराच मुलाला जपावे असेही सांगतो. यात मला विसंगती दिसत नाही. आणि एक नियम तर त्याने सोन्याच्या अक्षरांत कोरून ठेवावा असा सांगितला आहे. बंध सैल असेल तर सांधा स्थिर होत नाही. आवळून बांधला तर सूज येते, वेदना होतात, पू होतो. म्हणून बंध मध्यम असावा; आणि तो ऋतुमानाप्रमाणे सोडून पुन्हा बांधावा, थंडीत सात दिवसांनी, उन्हाळ्यात तीन दिवसांनी. या नियमाची वाचकांनी आठवण ठेवावी, कारण पुढे त्याच्याच पायी कितीतरी मुलांचे हात गेले.

*

इंग्रजीत हाडांच्या वैद्यकाला जे 'ऑर्थोपेडिक्स' नाव आहे, त्याच्या पोटात एक मूल दडलेले आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. निकोला आन्द्री नावाच्या फ्रेंच वैद्याने १७४१ साली, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, मुलांच्या शरीरातली व्यंगे टाळावी आणि सुधारावी कशी, यावर एक ग्रंथ लिहिला. त्याने 'सरळ' आणि 'मूल' या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून हे नाव घडविले. त्या ग्रंथात एक चित्र आहे. वाकडे वाढलेले कोवळे झाड एका सरळ खुंटाला दोरीने बांधले आहे. जगातल्या कितीतरी अस्थिवैद्यांच्या संस्थांनी ते चित्र आपली मुद्रा म्हणून घेतले. चित्र सुंदरच आहे. परंतु त्यातल्या दोरीकडे पाहिले की माझ्या मनात नेहमी एक शंका येते. दोरी किती घट्ट बांधावी, हे चित्रात कोठे दाखविले आहे?

या शंकेचे एक उत्तर एका राजपुत्राच्या बालपणात सापडते. २७ जानेवारी १८५९ रोजी बर्लिनच्या राजवाड्यात व्हिक्टोरिया राणीचे पहिले नातवंड जन्मास आले. आई अठरा वर्षांची, मूल पायाळू. प्रसूती फार अवघड झाली. त्या ओढाताणीत बाळाच्या मानेतून डाव्या हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंना इजा झाली. ती इजा ध्यानात यावयासही दोन-तीन दिवस गेले. बाळाचा डावा हात हलत नव्हता. हाच मुलगा पुढे जर्मनीचा सम्राट दुसरा विल्हेल्म, आपल्याकडे 'कैसर' म्हणून पहिल्या महायुद्धात घरोघर माहीत झालेला.

राजाचा मुलगा, त्याला तसाच सोडणार कोण? सहा महिन्यांचा असताना त्याचा हात ताज्या मारलेल्या सशाच्या उबदार देहात गुंडाळून ठेवू लागले. सशाचे बळ हातात उतरेल ही कल्पना. चांगला हात अंगाशी बांधून टाकला, म्हणजे दुसरा कामाला लागेल. पण चालावयास शिकणारे ते पोर तोल जाऊन पडू लागले. विजेचे झटके देऊन झाले. मान एका बाजूला वळू लागली तेव्हा पाठीला लोखंडी सळई लावलेले यंत्र आले, आणि पुढे मानेच्या स्नायूवर शस्त्र चालविले गेले. घोड्यावर तोल राहत नव्हता म्हणून शिक्षकाने रिकिबीवाचून बसवून, पुन्हा पुन्हा पडू देऊन, रडत रडत घोडेस्वारी शिकविली. ती तो शिकला. हात मात्र दुसऱ्यापेक्षा सुमारे १५ सेंटिमीटर आखूडच राहिला. त्याच्या तसबिरींत डावा हात तलवारीच्या मुठीवर तरी टेकलेला असतो, नाही तर त्यात हातमोजे धरून त्याची लांबी झाकलेली असते.

एका आखूड हातामुळे महायुद्ध झाले, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. राष्ट्रांची भांडणे एवढ्या सोप्या कारणांनी होत नसतात. मला कळवळा येतो तो सम्राटाचा नसून त्या चार वर्षांच्या पोराचा. आज अशा इजेची बहुसंख्य बाळे सौम्य हालचाली देऊन आणि धीर धरून पहिल्या काही महिन्यांत पुष्कळशी सुधारतात; थोड्यांना शस्त्रक्रिया लागते. त्या पोरावर प्रेम करणाऱ्यांनी त्याच्यावर उपाय केले ते सगळे बळाचे होते. मोठ्यांना स्वस्थ बसवत नाही, ही मुलाच्या हाडापुढची एक जुनीच अडचण आहे.

*

आता हाडवैद्यांविषयी बोलले पाहिजे. कारण राजवाड्यात काहीही चालो, सामान्य माणसाचे मूल पडले की तो धावत असे हाडवैद्याकडे. आपल्याकडे तालमीतले वस्ताद खांदा बसवीत. बांबूच्या कामट्या, कांडवेलीचा रस, आंबेहळद आणि रक्तबोळाचा लेप ही त्यांची सामग्री. आंध्रातल्या पुत्तूर गावच्या बांधणीसाठी दूरदूरचे लोक जात आले आहेत. इंग्लंडातही तेच. १७३६ च्या सुमारास एप्सम गावी सारा मॅप नावाच्या आडदांड बाईने सांधे बसविण्यात असे नाव मिळविले की लंडनचे प्रतिष्ठित शल्यवैद्य चरफडू लागले.

हाडवैद्याच्या या कीर्तीचे एक रहस्य मला असे वाटते. एक ते चार वर्षांच्या मुलाचा हात कोणी एकदम वर ओढला की कोपरातल्या हाडाचे टोक आपल्या भोवतीच्या कड्यासारख्या बंधातून किंचित निसटते. जिना चढताना हिसका बसतो. रस्ता ओलांडताना बसतो. हौसेने दोन्ही हात धरून गरगर फिरवतानाही बसतो. मूल हात हलवीनासे होते आणि घरच्यांना वाटते, खांदा गेला. इंग्रजीत या इजेला मूल सांभाळणाऱ्या दाईचे नाव दिले आहे. बिचाऱ्या दाईवर हा अन्यायच. आई-बाप, मामा-काका सारेच या अपराधात भागीदार असतात. जाणत्या हाताने मनगट व कोपर एका विशिष्ट रीतीने वळविले की 'टक्‌' असे होऊन सांधा बसतो, आणि थोड्या वेळात तेच मूल त्याच हाताने खाऊ मागते. असे एक मूल गावात हसत परतले की हाडवैद्याची कीर्ती दहा गावे जाते. त्यात त्याची लबाडी नाही. हाताचे खरेखुरे कसब आहे. संकट येते ते पुढच्या मुलाच्या वेळी. ते झाडावरून पडलेले असते, कोपराच्या वरचे हाड मोडलेले असते, आणि त्याचा हातही त्याच विश्वासाने वळविला जातो. मग वर कामट्या घट्ट आवळल्या जातात.

कोपराच्या वरची ही मोड मुलांमध्ये फार होते, आणि तेथूनच हाताची मुख्य रक्तवाहिनी जाते. सूज वाढत असते, बंध आवळलेला असतो, स्नायूंना रक्त मिळत नाही. काही तासांतच ते मरू लागतात. पुढे आक्रसतात आणि बोटे पक्ष्याच्या नखांसारखी वाकून कायमची तशीच राहतात. रिखार्ड फोन फोल्कमान या जर्मन शल्यवैद्याने १८८१ साली या विकृतीचे कारण उलगडून दाखविले, आणि तिला त्याचे नाव मिळाले. हा फोल्कमान मोठा विलक्षण माणूस. फ्रान्सशी झालेल्या १८७०–७१ च्या युद्धात पॅरिसला वेढा पडला असताना तो तेथे शल्यवैद्य होता. आणि फावल्या वेळात परीकथा लिहीत होता. रिखार्ड लिआंडर या टोपणनावाने त्या प्रसिद्ध झाल्या आणि जर्मन मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या. मुलांसाठी गोष्टी रचणाऱ्या माणसानेच आवळलेल्या बंधाखाली मरणारा मुलाचा हात ओळखावा, हा योगायोग मला विसरता येत नाही. सुश्रुताने सांगितलेला नियम येथे पुन्हा नव्याने शिकावा लागला. आणि तो शिकणे अद्यापि संपलेले नाही. आपल्या देशातल्या रुग्णालयांत आवळलेल्या कामट्यांनी काळेनिळे पडलेले हात घेऊन मुले आजही येतात.

परंतु हाडवैद्य आणि डॉक्टर यांचे वैरच असावे, असा काही दैवाचा लेख नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास वेल्सच्या अँगल्सी बेटापाशी एक जहाज फुटले, आणि किनाऱ्याला लागलेले एक परभाषी पोर तेथल्या लोकांनी वाढविले, अशी हकीगत सांगतात. त्याचे नाव इव्हान टॉमस ठेवले. तो हाडे बसविण्यात निष्णात निघाला, आणि ती विद्या घराण्यात चालत आली. त्याच्या वंशातला दुसरा इव्हान टॉमस लिव्हरपूलला येऊन हाडवैद्यकी करू लागला, तेव्हा डॉक्टरांनी त्याच्यावर खटल्यांमागून खटले भरले. त्याने युक्ती केली. आपल्या पाचही मुलांना त्याने डॉक्टरीच्या परीक्षा देवविल्या! त्यांतला ह्यू ओवेन टॉमस (१८३४–१८९१) हा पुढे ब्रिटनमधल्या अस्थिवैद्यकाचा जनक मानला गेला. विसावा हाच त्याचा मंत्र होता; सक्तीचा, अखंड आणि दीर्घ विसावा. बापाचे हस्तकौशल्य आणि शास्त्राचा संयम त्याच्या ठिकाणी एकत्र आले. दर रविवारी तो गोरगरिबांना फुकट तपाशी.

त्याच्या हाताखाली तयार झालेला त्याच्या बायकोचा भाचा रॉबर्ट जोन्स याने तेच काम मुलांपर्यंत नेले. अ‍ॅग्नेस हंट या परिचारिकेला स्वतःला लहानपणीच्या दुखण्याने मांडीच्या सांध्याचे पंगुत्व आले होते. तिने १९०० साली श्रॉपशरमधल्या बासचर्च गावी पंगू मुलांसाठी एक घर उघडले; जोन्स तेथे नियमाने जाऊ लागला, आणि त्यातून मुलांच्या हाडांचे एक थोर रुग्णालय उभे राहिले. आपल्या मुंबईतही अशीच एक आई निघाली. फातमा इस्माइल यांच्या मुलीला पोलिओ झाला. त्या धडपडीतून १९४७ साली अशा मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू झाले, आणि पुढे हाजीअलीला मुलांचे अस्थिरुग्णालय झाले.

*

इतकी शतके वैद्याला मुलाचे हाड बोटांनी चाचपूनच ओळखावे लागे. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी राँटगेनला क्ष-किरण सापडले, आणि तीन महिन्यांच्या आत मुलांचे हात त्या किरणांपुढे आले. अमेरिकेतल्या हॅनोव्हर गावी एडी मॅकार्थी नावाचा चौदा वर्षांचा मुलगा गोठलेल्या नदीवर घसरगुंडी खेळताना पडून मनगट मोडून बसला होता. ३ फेब्रुवारी १८९६ रोजी खगोलशास्त्राचे एक प्राध्यापक एडविन फ्रॉस्ट यांनी आपल्या डॉक्टर भावासाठी त्याच्या मनगटाचे चित्र घेतले; त्याला वीस मिनिटे हात न हलवता बसावे लागले. चारच दिवसांनी, ७ फेब्रुवारीला, लिव्हरपूलमध्ये रॉबर्ट जोन्सने भौतिकशास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज याच्या मदतीने एका बारा वर्षांच्या मुलाच्या मनगटात रुतलेली गोळी याच किरणांनी शोधली.

क्ष-किरणांनी मुलाच्या हाडाचे गुपित उघड केले, पण अर्धेच. वाढीची चकती कूर्चेची, म्हणून ती चित्रात दिसत नाही; तिच्या जागी नुसती काळी रेघ दिसते. न जाणणाऱ्याला ती रेघच मोड वाटते, आणि खरी मोड नजरेतून सुटते. टोरांटोच्या मुलांच्या रुग्णालयातील रॉबर्ट सॉल्टर याने आपला सहकारी हॅरिस याच्यासह १९६३ साली या चकतीच्या इजांचे पाच प्रकार लावून दिले. चकती नुसती सरकली तर सहसा चिंता नाही. मोड चकतीच्या आरपार सांध्यात गेली, किंवा चकती चेचली गेली, तर हाडाची वाढ खुंटू शकते अथवा ते वाकडे वाढू शकते. सांध्यापर्यंत पोचलेली मोड कष्टसाध्य म्हणणाऱ्या सुश्रुताची येथे पुन्हा आठवण होते. खांद्याजवळच्या इजा बहुधा पहिल्या दोन, म्हणजे सौम्य प्रकारांत मोडतात, आणि त्यांपैकी पुष्कळ नुसत्या झोळीत हात ठेवून बऱ्या होतात.

त्याच चित्रांनी आणखी एक गोष्ट दाखविली. सणाच्या अंकात ती लिहू नये असे क्षणभर वाटले. परंतु न लिहिणेही बरे नाही. न्यूयॉर्कच्या जॉन कॅफी या क्ष-किरणतज्ज्ञाने १९४६ साली सहा बालकांची हकीगत प्रसिद्ध केली. त्यांच्या डोक्यात रक्त साकळलेले होते, हातापायांची हाडे निरनिराळ्या वेळी मोडलेली होती, आणि घरचे कोणी कारण सांगत नव्हते. १९६२ साली हेन्री केम्प व त्याच्या सहकाऱ्यांनी त्या कारणाला उघड नाव दिले. ती मुले पडली नव्हती, त्यांना मारले होते. चालता न येणाऱ्या तान्ह्याचे हाड मोडले तर नीट चौकशी झालीच पाहिजे, हे आज डॉक्टर शिकतात ते तेव्हापासून. आजीच्या म्हणीतले पडणे-झडणे मुलाचे स्वतःचे असते. दुसऱ्याने पाडलेल्याला ती म्हण लागू नाही.

तेव्हा म्हणीची ती अट कोणती, हे आता सांगता येईल. पडणे मुलाने करावे, वाढणे त्याच्या हाडाने करावे. मोठ्यांनी आपला हात आवरावा. दिवाळीच्या सुटीत मुले किल्ल्यासाठी दगड वाहतील, आकाशकंदील टांगावयास स्टुलावर चढतील, आणि त्यांतले कोणी तरी पडेलच. पडल्यावर हात दुखत असेल तर तो ओढू नका, चोळू नका, वळवून पाहू नका. जसा असेल तसा झोळीत घालून दवाखाना गाठा. प्लास्टर किंवा पट्टी बांधून आणलेल्या मुलाची बोटे त्या रात्री दोन-तीनदा पाहा. बोटे पांढरी-निळी किंवा गार पडली, बधिर झाली, हळूच सरळ करताना मूल किंचाळू लागले, किंवा दुखणे कमी न होता वाढतच गेले, तर उजाडण्याची वाट पाहू नका. त्याच पावली रुग्णालयात जाऊन बंध सैल करवून घ्या. आणि अंगणात लहानग्याला गरगर फिरवावेसे वाटलेच, तर मनगटाला न धरता बगलेत दोन्ही हात घालून उचला. हिपॉक्रेटिसने आणि सुश्रुताने बगलेत मुसळ घातले. आपण आपले हात घालावे. तेवढ्याने मुलाची हौसही भागेल आणि कोपरही शाबूत राहील.